सत्तर तासांचा उपदेश आणि झाशीचा विज्ञान-विद्यार्थी

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिस कंपनीचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी त्यावर कडी केली. त्यांनी ९० तासांचा आकडा पुढे केला आणि रविवारीही आपल्या कर्मचाऱ्यांना कामाला जुंपता येत नाही, याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मक्तेदार भांडवलाच्या या दोन प्रवक्त्यांवर वृत्तपत्रांतून टीका झाली, विनोदही पुष्कळ झाले, आणि प्रकरण तेथेच मिटले असे अनेकांना वाटले. परंतु या उपदेशामागे जे गृहीत धरलेले आहे त्याला कोणी फारसा हात घातला नाही. भारतातील तरुण आळशी आहे, त्याच्याजवळ वेळ पडून आहे आणि तो वेळ राष्ट्राच्या, म्हणजे मालकवर्गाच्या, कामी लावावयाचा आहे, हे ते गृहीत होय.

हे गृहीत तपासून पाहण्यासाठी बंगळूरला किंवा मुंबईला जाण्याचे कारण नाही. आपण झाशीला जाऊ.

मराठी वाचकाला झाशी म्हटले की नेवाळकरांची गादी, राणी लक्ष्मीबाई आणि वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ आठवतो. पण आजची झाशी ही रेल्वे कारखान्याची, भेलच्या प्रकल्पाची, पारीछा औष्णिक विद्युत केंद्राची आणि भोवतालच्या कोरडवाहू बुंदेलखंडातून शिक्षणासाठी येणाऱ्या हजारो मुलामुलींची आहे. १९७५ साली येथे बुंदेलखंड विद्यापीठ स्थापन झाले. शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, २०१४ पासून केंद्रीय कृषी विद्यापीठही आहे. तथापि मऊरानीपूर, मोठ, गरौठा, चिरगाव, बरुआसागर येथून येणारी बहुसंख्य मुले या मोठ्या दारांतून आत जात नाहीत. ती साध्या पदवी महाविद्यालयात बी. एस्सी.ला नाव घालतात. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित, किंवा रसायनशास्त्र-वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र.

अशा विद्यार्थ्याचा आठवडा कसा जातो? आम्ही येथे कोणा एका व्यक्तीची कहाणी सांगत नाही. जे नियम आहेत, जी अंतरे आहेत, जी कामे आहेत त्यांची केवळ बेरीज मांडतो. २०२१-२२ पासून उत्तर प्रदेशात नव्या शैक्षणिक धोरणानुसार सत्रपद्धती सुरू झाली. पहिल्या दोन वर्षांत विज्ञानाचे तीन मुख्य विषय असतात. प्रत्येकाला आठवड्याला चार तास व्याख्याने. त्यात प्रायोगिक विषय असेल तर आणखी चार तास प्रयोगशाळा. तिन्ही विषय प्रायोगिक असल्यास येथेच २४ तास झाले. त्यावर ज्या सत्रात असेल त्या सत्रात गौण विषयाचे चारएक तास, व्यावसायिक कौशल्याच्या अभ्यासक्रमाचे तीन आणि सहशालेय विषयाचे दोन. हा सहशालेय विषय पहिल्या सत्रात आहार व स्वच्छता, दुसऱ्यात प्रथमोपचार, तिसऱ्यात मानवी मूल्ये व पर्यावरण, चौथ्यात शारीरिक शिक्षण व योग असा बदलत जातो. एकूण तेहतीस तासांच्या आसपास.

बरुआसागरासारख्या गावाहून रोज ये-जा करणाऱ्याचे दिवसाचे दोन तास रस्त्यावर जातात असे धरू. सहा दिवसांचे बारा. मऊरानीपूर साठ-पासष्ट किलोमीटर दूर आहे, तेथून येणाऱ्याचे तर विचारूच नका. खोलीचे भाडे वा फीचे हप्ते भरण्यासाठी जो लहान मुलांच्या शिकवण्या घेतो, त्याचे रोज दीड तास, म्हणजे नऊ. आणि स्पर्धा परीक्षेची तयारी, जी आता उत्तर हिंदुस्थानातील प्रत्येक पदवीधराची दुसरी, किंबहुना खरी, पदवी झाली आहे, तिचे रोज किमान तीन तास, म्हणजे अठरा. बेरीज करा: ३३, १२, ९ आणि १८. बहात्तर तास!

मूर्ती महाशयांचा कोटा येथेच पुरा झाला. दोन तास वर उरले. आणि ध्यानात घ्या, या बहात्तर तासांत आपल्या मुख्य विषयाचे पुस्तक घरी उघडून वाचण्याचा एकही तास धरलेला नाही. या बहात्तर तासांचे वेतन शून्य आहे. शिकवण्यांचे जे चार पैसे येतात ते फीत जातात; उलट बाकीचे तास मिळविण्यासाठी विद्यार्थ्यालाच पदरचे मोजावे लागतात.

विद्यार्थिनीची गोष्ट याहून वेगळी आहे. केंद्र सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवितात, तर पुरुष ८८ मिनिटे. विद्यार्थिनी म्हणून तिला सवलत मिळते असे मानून रोज दोनच तास धरले तरी तिचा आठवडा ८६ तासांचा होतो. सुब्रह्मण्यन यांचे नव्वद तेथून हाकेच्या अंतरावर आहेत. संध्याकाळी उशिराची बस सुरक्षित नाही म्हणून घरचे तिला प्रयोगशाळेतील शेवटच्या तासाआधी परत बोलावतात. तिच्या जर्नलात प्रयोग अपुरा राहतो तो या कारणाने, बुद्धी कमी म्हणून नव्हे.

येथे कोणी आक्षेप घेईल: हा सारा कागदावरचा हिशेब झाला, महाविद्यालयांतून एवढे तास होतात कुठे? आक्षेप बरोबर आहे, आणि तोच राज्यकर्त्या वर्गावरील सर्वांत मोठा आरोप आहे. उत्तर प्रदेशातील अनुदानित महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांच्या १,०१७ जागांसाठी २०२२ साली जाहिरात निघाली. तिची लेखी परीक्षा एप्रिल २०२५ मध्ये झाली. जाहिरातीच्या वर्षी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्गात बसलेला मुलगा पदवी घेऊन बाहेर पडण्याच्या बेतात आला, तेव्हा त्याला शिकविणारा प्राध्यापक अजून परीक्षेच्या बाकावर बसत होता. जागा रिकामी, म्हणून तास रिकामा. तास रिकामा, म्हणून खाजगी शिकवणीचा वर्ग भरलेला. सरकार जे देत नाही ते बाजार विकतो, आणि बाजारातून विकत घ्यावयाचा वेळ पुन्हा विद्यार्थ्याच्याच आठवड्यातून कापला जातो. डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्चावी असे सांगितले होते. त्यानंतर आलेल्या प्रत्येक रंगाच्या सरकारने हा आकडा जाहीरनाम्यांत आणि धोरणांत छापला, २०२० च्या धोरणानेही छापला. तो गाठला मात्र कोणीच नाही. संशोधनावर तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघे ०.६४ टक्के!

आता ‘लाइब्रेरी’ या शब्दाकडे वळू. विष्णुभट गोडशांनी १८५८ साली इंग्रज फौजेने झाशी लुटली तेव्हा राजवाड्यातील मोलाच्या ग्रंथसंग्रहाची कशी धूळधाण झाली ते लिहून ठेवले आहे. साम्राज्यवाद ग्रंथालय जाळतो, फाडतो. आपला स्वदेशी भांडवलशाही बाजार त्याहून हुशार आहे. तो ग्रंथालयाचे नाव ठेवतो आणि ग्रंथ काढून घेतो. झाशी, कानपूर, प्रयागराज, पाटणा, कोणत्याही शहरात शिक्षणसंस्थांच्या परिसरात फिरा. गल्लोगल्ली ‘लाइब्रेरी’च्या पाट्या दिसतील. आत पुस्तक नसते. असते ती लाकडी फळ्यांनी कप्पे पाडलेली खोली, कप्प्यात एक खुर्ची, एक दिवा, मोबाइल भारित करण्यासाठी एक खोबण, आणि जाहिरातीत वायफाय व वातानुकूलन. महिन्याकाठी काही शे रुपये भरून विद्यार्थी तेथे शांतता भाड्याने घेतो. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रीची पाळी! गिरणीच्या पाळ्यांची भाषा जशीच्या तशी येथे आली आहे, फरक इतकाच की येथे कामगारच मालकाला मजुरी देतो. एका खोलीत चौघे-पाचजण राहणाऱ्या मुलाला वाचावयास जागा हवी, महाविद्यालयाचे ग्रंथालय लवकर बंद होते, म्हणून तो येथे येतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. दोष त्या राज्यव्यवस्थेचा, जिने झाशीच्या रेल्वे स्थानकाला २०२१ च्या अखेरीस वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्याची तत्परता दाखविली, परंतु त्या स्थानकावर उतरणाऱ्या मुलांसाठी रात्री दहापर्यंत उघडे राहणारे सार्वजनिक वाचनालय ही गरज मानली नाही.

आणि रविवार? महाराष्ट्रातील कामगारांना तरी सांगावयास नको की रविवार आकाशातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा घेतल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षे तगादा लावला, तेव्हा १० जून १८९० रोजी मालकांना आठवड्याची सुट्टी मान्य करावी लागली. इंग्लंडच्या कामगारांनी १८४७ साली दहा तासांचा कायदा मिळविला, शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांसाठी रक्त सांडले. ‘भांडवल’ग्रंथात मार्क्सने कामाच्या दिवसावर जे प्रदीर्घ प्रकरण लिहिले ते उगाच नव्हे. वेळ ही वर्गसंघर्षाची रणभूमी आहे.

झाशीच्या विद्यार्थ्याचा रविवार कोठे जातो ते पाहा. ११ फेब्रुवारी २०२४, रविवार: उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाची समीक्षा अधिकारी व सहायक समीक्षा अधिकारी पदांची परीक्षा, जागा ४११, अर्ज दहा लाखांहून अधिक, प्रश्नपत्रिका फुटली, मार्चमध्ये परीक्षा रद्द. पुढचाच शनिवार-रविवार, १७ आणि १८ फेब्रुवारी: पोलीस शिपाई भरती; जागा ६०,२४४, अर्ज सुमारे ४८ लाख; प्रश्नपत्रिका फुटली, परीक्षा रद्द. ५ मे, रविवार: वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा, सुमारे २४ लाख विद्यार्थी, प्रथम निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण, पुन्हा पेपरफुटी, पुन्हा न्यायालय. जूनमध्ये १८ तारखेला प्राध्यापकपदाच्या पात्रतेची नेट परीक्षा झाली आणि १९ तारखेला रद्द झाली. विज्ञान विषयांची नेट परीक्षा तर होण्यापूर्वीच पुढे ढकलण्यात आली. फेब्रुवारीत रद्द झालेली समीक्षा अधिकारी परीक्षा पुन्हा झाली ती २७ जुलै २०२५ रोजी. तोही रविवारच!

यातील प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री रेल्वेच्या साध्या डब्यांत पाय ठेवावयास जागा नसते. परीक्षा केंद्र आपल्या जिल्ह्यात मिळेलच याची शाश्वती नाही. मुले फलाटावर झोपतात, सकाळी सार्वजनिक नळावर तोंड धुऊन केंद्राच्या दाराशी रांग लावतात, रात्रीच्या गाडीने परततात आणि सोमवारी आठ वाजता रसायनशास्त्राच्या प्रयोगाला उभी राहतात. रेल्वेची स्वतःची भरती याहून निराळी नाही. २०१९ साली गट ‘ड’च्या सुमारे एक लाख तीन हजार जागांसाठी एक कोटीहून अधिक अर्ज आले, परीक्षा व्हावयास २०२२ उजाडले. त्याच वर्षी जानेवारीत भरतीतील गोंधळाविरुद्ध मुले रस्त्यावर आली तेव्हा प्रयागराजच्या वसतिगृहांत आणि खोल्यांत घुसून पोलिसांनी दरवाजे फोडले व विद्यार्थ्यांना झोडपले. काही पोलिसांना निलंबित करावे लागले इतके ते उघड होते.

या धकाधकीत विज्ञानाचे काय होते? अनुमापनाचा साधा प्रयोग घ्या. ब्युरेटमधील पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचावयाची, दर्शकाचा रंग पालटण्याचा नेमका थेंब पकडावयाचा, आणि लागोपाठची रीडिंग जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा करावयाचे. यात जी गोष्ट शिकावयाची असते ती उत्तर नव्हे. उत्तर पुस्तकात दिलेलेच असते. शिकावयाची असते ती चूक होण्याची आणि ती शोधण्याची मुभा. पण एका बाकावर सातआठ जण, अपुरी उपकरणे, रविवारच्या प्रवासाने जडावलेले डोळे, आणि ज्या परीक्षेवर पोट अवलंबून आहे तिला ब्युरेटशी काही कर्तव्य नाही. मग मागच्या वर्षीच्या जर्नलातून रीडिंग उतरवली जातात. प्राध्यापकांना हे ठाऊक असते, विद्यार्थ्याला ते ठाऊक असल्याचे ठाऊक असते. भारताच्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून जो वैज्ञानिक दृष्टिकोन लिहिला गेला, त्याची अंत्ययात्रा अशी रोज प्रयोगशाळेतून निघते. त्यात भर म्हणून २०२३ साली दहावीच्या पाठ्यपुस्तकातून जैविक उत्क्रांतीचा आणि मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा धडा काढण्यात आला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी निषेध केला, सरकार ढिम्म.

दामोदर कोसंबींनी प्राचीन नाणी तराजूत घालून एकेक वजन केली. हजारो नाणी. त्यांच्या झिजेच्या गणितातून त्यांनी नाणी किती काळ चलनात होती याचा माग काढला आणि इतिहासलेखनाला नवे हत्यार दिले. ते काम त्यांना कोणत्या अभ्यासक्रमाने लावून दिले नव्हते. फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताची नोकरी करताना त्यांनी ते केले. ढाक्याजवळच्या खेड्यातील एका लहान दुकानदाराचा मुलगा मेघनाद साहा. १९०५ साली गव्हर्नरच्या भेटीवरील बहिष्कारात सामील झाला म्हणून सरकारी शाळेतून काढला गेला, शिष्यवृत्ती गेली. तरी दुसऱ्या शाळेने घेतला, दुसरे साहाय्य मिळाले, आणि ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे सोडविणारे समीकरण त्याने जगाला दिले. बरुआसागरच्या मुलीत असा साहा नाहीच, असे कोण छातीठोकपणे म्हणेल? पण तिच्यासाठी काय आहे? परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना मूलभूत विज्ञान शिकण्यासाठी वर्षाला ८० हजार रुपयांची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे. उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांसाठी भाषणे आहेत. विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांसाठीची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ साली गुंडाळण्यात आली.

मालकवर्गाला या सगळ्याची गरज का भासत नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याला शास्त्रज्ञ हवे आहेत ते मोजके, आणि तेही तयार. बाकीच्यांनी रांगेत उभे राहावे, हेच त्याच्या सोयीचे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सहकार्याने तयार झालेल्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली निरक्षर तरुणांत बेकारी ३.४ टक्के होती आणि पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. पदवीधरांची ही राखीव फौज जितकी मोठी, तितका सत्तर तासांचा उपदेश पचविणे सोपे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू करण्यात आल्या. त्याआधी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. लोखंड्यांच्या महाराष्ट्राने! सैन्यातील नोकरीचीही तीच तऱ्हा: जून २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी चौघांपैकी तिघांना घरी पाठविण्याची तरतूद आहे, आणि बबिना छावणीच्या भोवतालच्या गावांत सैन्यभरती म्हणजे काय, हे झाशीकरांना वेगळे सांगावयास नको. ज्याने विद्यार्थिदशेत बिनतक्रार बहात्तर तास काढले तो कारखान्यात बारा तासांच्या पाळीला विरोध करील अशी अपेक्षा मालक करीत नाही. आठवडा ही शाळा आहे, आणि ती त्याला हवे ते शिकवते आहे.

येथे आपल्याच काही साथींशी दोन शब्द बोलणे भाग आहे. शाखांच्या बैठकींतून असे ऐकू येते की आजचा विद्यार्थी स्वार्थी झाला, त्याला फक्त नोकरीचे पडले आहे, चळवळीला तो येत नाही. १९२५ नंतर काकोरी कटातून निसटलेले चंद्रशेखर आझाद झाशी-ओरछा परिसरात राहिले तेव्हा त्यांच्याभोवती जमले ते या शहरातील शाळकरी व कॉलेजची पोरेच होती: सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन हे झाशीतील मराठी घरांतले तरुण, ग्वाल्हेरला शिकणारे भगवानदास माहौर. त्यांच्यापैकी मलकापूरकर आणि माहौर १९२९ साली भुसावळला पकडले गेले, आणि पुढच्या वर्षी जळगावच्या न्यायालयात माहौरांनी माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. व्यक्तिगत शौर्याच्या त्या मार्गाविषयी आपली मीमांसा सर्वांना ठाऊक आहे; ती येथे उगाळत नाही. पुढे हेच माहौर हिंदीचे अध्यापक झाले, वैशंपायनांनी आझादांचे चरित्र लिहिले, आणि मलकापूरकरांनी आझादांच्या वृद्ध आईला झाशीस आणून तिच्या अखेरपर्यंत सांभाळले. या उदाहरणाचा उपयोग आजच्या मुलाला हिणवण्यासाठी करणे अन्यायाचे आहे. त्या पोरांना आठवड्यात मोकळी संध्याकाळ होती. आजच्या मुलाची संध्याकाळ भाड्याच्या खुर्चीवर जाते. त्याला ‘मोर्चाला ये’ म्हणण्याआधी त्याच्या बहात्तर तासांचा हिशेब आपण मांडला आहे का? नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजला लोकसेवा आयोगाच्या दारात हजारो परीक्षार्थी रात्रंदिवस बसले आणि चार दिवसांत आयोगाला पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घेण्याचे मान्य करावे लागले. त्या मुलांना कोणी स्वार्थी म्हणणार काय? ती आपल्या वेळेसाठी लढत होती. त्या लढ्यात आपण किती होतो, हा प्रश्न मात्र बैठकीत निघाला पाहिजे.

म्हणून मागण्या आठवड्याच्या भाषेत मांडाव्या लागतील. रिक्त प्राध्यापकपदे एका शैक्षणिक वर्षाच्या आत भरा. प्रत्येक तहसिलीच्या गावी आणि झाशी शहरात रात्री दहापर्यंत उघडे राहणारे, पुस्तके असलेले, विनामूल्य सार्वजनिक वाचनालय हवे. परीक्षा केंद्र जिल्ह्यातच द्या; परीक्षा रद्द झाली तर प्रवासखर्च आणि शुल्क परत करा, आणि पुनर्परीक्षा तीन महिन्यांत घ्या. महाविद्यालयांच्या वेळेशी जुळणाऱ्या पॅसेंजर गाड्या आणि सवलतीचा पास. या शेवटच्या मागणीत झाशीच्या रेल्वे कामगारांच्या संघटना विद्यार्थ्यांच्या स्वाभाविक मित्र आहेत; आपली मुले त्याच महाविद्यालयांत शिकतात हे त्यांना सांगावे लागत नाही. पहिली संयुक्त सभा रेल्वे वसाहतीत घ्यावी, आणि ती रविवारी ठेवू नये. रविवारी मुले परीक्षेला गेलेली असतात.